पडद्यावरचं घरभाडं : जुन्या सिनेमाच्या अभ्यासाला लागणाऱ्यांसाठी

एम.ए.चा निकाल लागला की दोन-चार मुलं-मुली माझ्याकडे कोल्हापुरात, राजारामपुरीत येतात. कुणी इतिहासाची, कुणी मराठीची, एखादी पत्रकारिता केलेली. हातात टाइप केलेला आराखडा असतो आणि त्यावर शीर्षक असतं : 'स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रपटातील मध्यमवर्ग आणि राष्ट्रीय अस्मिता : एक चिकित्सक अभ्यास'. हे शीर्षक मी लगेच ओळखते, कारण सोळा वर्षांपूर्वी जवळपास याच शब्दांत मी ते लिहिलं होतं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी तो कागद वाचला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, "यातल्या एका तरी सिनेमात घरभाडं कोण भरतं, कुणाला भरतं, सांगता येईल तुला?" नाही आलं सांगता.

मग त्यांनी काम दिलं. एकच सिनेमा घ्यायचा, तीनदा बघायचा आणि वहीत फक्त पैशाची नोंद करायची. कोण कमावतो, कोण देणं लागतो, काय गहाण पडतं, महिन्याचा पगार कुणाला आहे, चहाचे पैसे कोण देतं. संवाद उतरवायचे नाहीत, गाण्यांवर लिहायचं नाही. आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं काम हेच देते.

मी तेव्हा १९५५ चा 'श्री ४२०' घेतला होता. सिनेमा पाठ आहे असा माझा समज होता. वही घेऊन बसल्यावर तो वेगळाच दिसायला लागला. राजकडे बी.ए.ची डिग्री आहे आणि प्रामाणिकपणाबद्दल मिळालेलं पदक आहे. अलाहाबादहून मुंबईत आल्याबरोबर पदक गहाण पडतं. डिग्री गहाण ठेवायलाही कुणी घेत नाही. विद्या शाळामास्तरीण आहे, घरात चणचण आहे. दुसऱ्या बाजूला सेठ सोनाचंद धर्मानंद आहे, आणि त्याची शेवटची मोठी लबाडी कसली, तर शंभर रुपयांत घर देण्याची. फूटपाथवर झोपणारी माणसं त्या घरासाठी पै-पै जमवतात. त्या रकान्यापाशी मी थांबले. डोक्यावर छप्पर देऊ, हे त्या काळात सरकार सांगत होतं, पुढारी सांगत होते. सिनेमात तेच आश्वासन एक ठग देतो आणि लोक विश्वास ठेवतात, कारण लोकांना विश्वास ठेवायचाच असतो. 'राष्ट्र' हा शब्द मी तोवर झेंड्यात आणि भाषणांत शोधत होते. तो फूटपाथवरच्या माणसाच्या मुठीतल्या नोटेत सापडला.

इथं एक अडचण येते आणि ती तुम्हालाही येईल. राज मध्यमवर्गीय आहे का? झोपतो फूटपाथवर, डिग्री खिशात. बिमल रॉय यांचा १९५४ चा 'नौकरी' बघा. शिकलेला तरुण नोकरीसाठी वणवण करतो, कथेचा कणाच तो आहे. आज 'मध्यमवर्ग' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं फ्लॅट, गाडी, कर्जाचे हप्ते येतात. १९५० च्या दशकातला पडद्यावरचा मध्यमवर्ग म्हणजे खाली घसरण्याची भीती. एक पगार चुकला की खोली गेली, खोली गेली की अब्रू गेली. ही भीती समजून न घेता 'अस्मिता' लिहायला बसलात, तर प्रबंध नुसता मोठ्या शब्दांनी भरतो.

आमच्या घरातला दाखला देते. माझे आजोबा करवीर दरबारात कारकून होते. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. खुर्ची तीच, टेबल तेच, कागदावरचं नाव बदललं. आजी सांगायची की त्या वर्षभर घरात एकच बोलणं असायचं : नोकरी राहणार का, आणि राहिली तर पगार तेवढाच मिळणार का. म्हणजे आमच्या घरात देश आला तो पगाराच्या चिंतेतून आला. असं हजारो घरांत झालं असणार, आणि तीच माणसं संध्याकाळी टॉकीजमध्ये जाऊन बसत होती. कोल्हापुरात राहून हा विषय करायचा तर हा धागा सोडू नका. मुंबई-कलकत्त्याच्या अभ्यासकाला तो सहज मिळणार नाही. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या वाड्यात मात्र तो पत्र्याच्या पेटीत बांधून ठेवलेला असेल.

दुसरा धागा जयप्रभा स्टुडिओचा. मंगळवार पेठेतून जाताना आपण सगळेच ते नाव घेतो. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा हा स्टुडिओ जळाला. भालजींनी तो परत उभा केला. 'नवं राष्ट्र आणि सिनेमा' असं गोड प्रकरण लिहायला घेतलेल्या विद्यार्थ्याला मी ही तारीख पहिल्या पानावर लिहायला सांगते. स्वातंत्र्याला सहा महिनेही झाले नव्हते, आणि आपल्याच गावात, आपल्याच माणसांनी, सिनेमा जिथं तयार होतो ती जागा पेटवली. पेटवणारे कोण होते, राग कशाचा होता, जातीचा किती आणि दुःखाचा किती, हे प्रश्न गावात अजून हलक्या आवाजात बोलले जातात. ज्यांना त्यावर काम करायचं आहे त्यांनी जरूर करावं, पण घाईनं कुणाला न्यायाधीश होता येत नाही. मी आठ घरांत बोलले, आणि आठही ठिकाणी वेगळी गोष्ट ऐकली.

आता मराठी आणि हिंदी सिनेमाबद्दल. हे मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून थोडं सावकाश सांगते.

हिंदी सिनेमाच्या नायकाला सहसा आडनाव नसतं. राज आहे, पण राज कोण? जात नाही, गावकी नाही, घरी बोलतो ती भाषा कुठली ते कळत नाही. त्या काळातल्या पुष्कळ हिंदी सिनेमांची श्रेयनामावली रोमन, देवनागरी आणि उर्दू अशा तीन लिप्यांत यायची. सिनेमा दिल्लीत, हैदराबादला, मद्रासला, सगळीकडे चालायला हवा, म्हणून नायकाच्या अंगावरच्या सगळ्या खुणा पुसायच्या आणि उरेल तो 'भारतीय'. मराठी सिनेमाला ही गरज नव्हती. तिथं माणसाला आडनाव आहे, वाडा आहे, पेठ आहे, बोलण्यात हेल आहे. १९५२ चा 'लाखाची गोष्ट' किंवा १९५४ चा 'ऊन पाऊस' बघा. 'ऊन पाऊस'मधला म्हातारा शिक्षक आणि त्याची बायको मुलांच्या घरी वाटले जातात, तेव्हा आपल्याला तो 'भारतीय पिता' वाटत नाही, शेजारचे मास्तर वाटतात. दिग्दर्शन राजा परांजपे यांचं. त्यांच्याबरोबर नाव निघतं ते गदिमा, म्हणजे ग. दि. माडगूळकर, आणि सुधीर फडके यांचं. फडके जन्मानं कोल्हापूरचे. माडगूळकर ऐन तरुणपणी इथं मास्टर विनायकांच्या कंपनीत आले आणि १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त पडद्यावरही दिसले. पुढं पुण्यात बहरलेल्या त्या मध्यमवर्गीय मराठी सिनेमाची मुळं अशी आपल्या मातीत आहेत, आणि आपल्याच विद्यार्थ्यांना ते माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

मग राष्ट्र हिंदीत आणि प्रदेश मराठीत, अशी वाटणी करायची का? मीही तशीच केली होती. ती मोडली 'श्यामची आई'मुळं. आचार्य अत्रे यांचा हा सिनेमा १९५३ चा. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले १९५४ मध्ये, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक या सिनेमाला मिळालं. कोकणातलं एक पडतीला लागलेलं घर, कर्ज, आणि मुलाला वळण लावणारी आई. यात देशाचं नाव घेऊन कुणी भाषण करत नाही. तरी नव्या देशानं आपला पहिला उत्तम सिनेमा म्हणून निवडला तो हा, साने गुरुजींच्या पुस्तकातला, अस्सल मराठी बोलणारा. आणि तेच अत्रे १९५६ मध्ये 'मराठा' दैनिक काढतात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दिल्लीशी भांडतात. या माणसाला 'राष्ट्रीय'च्या कप्प्यात टाकणार की 'प्रादेशिक'च्या? मी दोन महिने त्या प्रकरणावर अडून बसले होते. शेवटी कप्पेच काढून टाकले.

आजीनं 'श्यामची आई' इथं कोल्हापुरात बघितला होता. आळीतल्या बायका मिळून गेल्या होत्या. मी विचारलं, "आजी, रडलीस?" तर म्हणाली, "आई गेली तवा समद्याच रडल्या गं. मला त्या कर्जाचं लई लागलं. आमच्या दारात बी तसलं माणूस येऊन बसायचं." हे वाक्य माझ्या प्रबंधात आहे. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत नेमकं त्यावर बोट ठेवलं, पुरावा म्हणून आजी कशी चालेल असं विचारलं. मी सांगितलं, सिनेमात काय आहे याचा पुरावा म्हणून नाही, प्रेक्षकानं काय घेतलं याचा पुरावा म्हणून चालेल. तुम्हालाही हे उत्तर लागेल, तयार ठेवा. मुलाखत घेताना मात्र तारीख, वय, कोणत्या टॉकीजमध्ये, कुणाबरोबर, तिकीट कुणी काढलं, एवढं तरी विचारून घ्याच. तिकीट कुणी काढलं या एका प्रश्नातून घरातला कारभार कळतो.

माझ्या हातून झालेली मोठी चूकही सांगते, म्हणजे तुमची दोन वर्षं वाचतील. एका मराठी सिनेमावर मी सबंध प्रकरण लिहिलं. मुद्दा असा होता की या सिनेमातली शिकलेली मुलगी लग्नानंतर नोकरीबद्दल एक शब्द बोलत नाही. मोबाइलवर मिळालेल्या प्रतीवरून लिहिलं होतं. नंतर सेन्सॉरच्या दाखल्यावरची लांबी बघायला मिळाली : १२,६०० फूट. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे सिनेमा १४० मिनिटांचा, आणि माझ्याकडची प्रत ११८ मिनिटांची. बावीस मिनिटं, म्हणजे जवळजवळ दोन रिळं गायब. पुढं दुसरी, जास्त पूर्ण प्रत बघायला मिळाली, तर त्या मुलीचा नोकरीवरून नवऱ्याशी झालेला सरळ वाद त्यात होता. प्रकरण फाडून परत लिहिलं. तेव्हापासून माझा नियम आहे : लांबी पडताळल्याशिवाय 'या सिनेमात अमुक नाही' असं लिहायचं नाही. 'आहे' असं लिहायला एक दृश्य पुरतं. 'नाही' लिहायला सगळी रिळं लागतात.

पूर्ण प्रतीसाठी पुण्याला जावं लागतं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये तिथं सुरू झालं, पी. के. नायर यांनी ते वाढवलं. तेव्हाची फिल्म, विशेषतः नायट्रेटवरची, पटकन पेट घ्यायची आणि आपोआपही सडायची. चांदी काढून घेण्यासाठी जुनी रिळं विकलीही जायची. त्यामुळं जे गेलं ते कायमचं गेलं. संग्रहालयात जाण्याआधी विद्यापीठाचं पत्र, मार्गदर्शकांची सही आणि कोणते सिनेमे बघायचे त्याची नेमकी यादी तयार ठेवा. 'सगळे सामाजिक चित्रपट' असं लिहून गेलात तर परत याल. पहाटेच्या एसटीनं जाऊन रात्री परत, असं मी कितीतरी वेळा केलं. जमलं तर सलग आठवडा राहा. एका दिवसात दोनपेक्षा जास्त सिनेमे नोंदी घेत बघून होत नाहीत.

त्याच संग्रहालयाजवळ फिल्म इन्स्टिट्यूट आहे, जुन्या प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर. प्रभात १९२९ मध्ये आपल्या कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली, आणि १९५३ मध्ये बंद पडली. तिथं १९६० मध्ये सरकारनं शिक्षणसंस्था काढली. खाजगी कंपन्यांचे स्टुडिओ कोसळणं आणि सरकारनं सिनेमात शिरणं, या दोन्ही गोष्टी एकाच कुंपणाच्या आत बघायला मिळतात. याचं कारण समजून घ्यायचं असेल तर स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्ये नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीचा १९५१ चा अहवाल वाचा. करमणूक कर, युद्धकाळातला पैसा, रातोरात झालेले निर्माते, सगळं त्यात आहे. भाषा रुक्ष आहे, पण मध्यमवर्गीय सभ्य माणसांनी सिनेमा कसा 'सुधारावा' याचं चित्र मला त्यात जितकं मिळालं तितकं कुठल्या सिनेमात मिळालं नाही.

गावातली साधनं कमी लेखू नका. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुनी मासिकं, वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे मिळतात. जाहिरातींची पानं आधी बघा, कोणता सिनेमा कुठं किती आठवडे चालला ते तिथं कळतं. बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीच्या खेळांना जा, चर्चेला थांबा. आणि गाण्यांच्या चोपड्या गोळा करा. माझ्याकडे साठ-सत्तर आहेत. पातळ पिवळा कागद, टाचण गंजलेलं, मुखपृष्ठावर नटीचा चेहरा दोन रंगांत, आत पानभर कथासार, आणि कथा ऐन रंगात आली की 'पुढे काय होते ते पडद्यावर पहा'. मागच्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात. कथासारात नायकाची ओळख कशी करून देतात ते बघा : 'सुशिक्षित पण गरीब', 'खानदानी पण कर्जबाजारी'. त्या 'पण'वर एक अख्खा लेख होईल. रद्दीवाल्यांना सांगून ठेवा. वजनावर घेतात ते, किलोच्या भावात जाण्याआधी तुमच्या हातात पडायला हवं.

माणसांपैकी मला सगळ्यात जास्त शिकवलं एका जुन्या ऑपरेटरकाकांनी. पंधराव्या वर्षी ते केबिनमध्ये प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या बदलायला लागले, १९५७ मध्ये. मी त्यांना विचारत होते नायकांबद्दल. ते बोलत होते समाचार चित्राबद्दल. समाचार चित्र म्हणजे सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा बातमीपट, तो प्रत्येक टॉकीजला सिनेमाआधी दाखवावाच लागायचा, आणि त्याचं भाडंही टॉकीजच भरायची. धरणं, कारखाने, पंडितजींचे दौरे. काका पिटाबद्दल, म्हणजे पडद्याजवळच्या सगळ्यात स्वस्त जागेबद्दल, म्हणाले, "बाई, पिटातली माणसं पहिल्यापासनं हजर असायची. पैसे दिल्यात तर सगळं बघायचं. टाळ्या बी तीच वाजवायची. बाल्कनी भरायची समाचार संपल्यावर."

मी वही मिटून बसून राहिले. राष्ट्र उचलून धरणारा वर्ग म्हणून मी ज्यांच्यावर दोनशे पानं लिहीत होते, ते धरण बघायला वेळेवर येतच नव्हते. एका माणसाच्या आठवणीवर सिद्धान्त उभा करता येत नाही, आणि मी केलाही नाही. पण त्यानंतर मी प्रत्येक मुलाखतीत विचारायला लागले : तुम्ही कुठं बसायचात? पिटात, बाकड्यावर, खुर्चीवर, बाल्कनीत, की बायकांच्या बाजूला? सिनेमा वर्गाबद्दल काय सांगतो हे पडद्यावर दिसतं, पण वर्ग म्हणजे काय हे टॉकीजच्या दारात तिकीट फाडतानाच ठरलेलं असायचं.

पोटापाण्याचं सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही, कारण घरचे तेच विचारणार. नुसत्या सिनेमाच्या अभ्यासावर घर चालणं कठीण आहे. नेट किंवा सेट आधी करून घ्या, मूळ विषय इतिहास, मराठी किंवा समाजशास्त्र ठेवा. नोकरीची जाहिरात त्या विषयाची निघते, सिनेमाची क्वचितच. मी तासिका तत्त्वावर सहा वर्षं शिकवलं, आणि एका संस्थेनं दोन वर्षांचं मानधन अडवून ठेवलं, तेव्हा घरात फार ओढाताण झाली. शिकवण्याखेरीज जुन्या सिनेमांची सूची करणं, उपशीर्षकं लिहिणं, महोत्सवांसाठी टिपणं तयार करणं, माहितीपटांसाठी संशोधन करणं अशी कामं मिळतात. उपशीर्षकांच्या कामात तर आपल्याकडच्या मुलांना वाव आहे, कारण जुन्या सिनेमातली कोल्हापुरी बोली पुण्या-मुंबईच्या मुलांना अनेकदा कळत नाही. उर्दू लिपी वाचायला शिका, सहा महिने पुरतात. हिंदी सिनेमाची कितीतरी जुनी मासिकं आणि हस्तलिखितं तिच्याशिवाय बंद दारासारखी आहेत.

आणि वेळ लावू नका. पुस्तकं थांबतील, माणसं थांबणार नाहीत. माझ्या यादीतल्या एकवीस जणांपैकी आता पाच उरलेत. ऑपरेटरकाकांनी मागच्या खेपेला सांगितलं की एका सिनेमाच्या शेवटच्या रिळावर केबिनमध्येच कात्री चालायची, शेवटची एसटी चुकू नये म्हणून. कोणता सिनेमा ते मात्र त्यांना आठवेना. नात म्हणाली, सकाळच्या वेळी त्यांना चांगलं आठवतं. गुरुवारी सकाळी आठला मी त्यांच्याकडे जाणार आहे, चोपड्यांचा गठ्ठा घेऊन. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं, वही स्वतःची आणावी.